मामांनी मास्क काढला, त्या फॉरवर्डबद्दल

माझे मामा ६३ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसलाय आणि डॉक्टरांना विचारूनच रोज सकाळी कोथरूडहून मंडईपर्यंत सायकलने जाऊन भाजी घेऊन येतात. निघता निघता साडेआठ होतात, म्हणजे नळ स्टॉपला ऐन ऑफिसच्या गर्दीत, पुढे पीएमपीची बस, बाजूला टेम्पो, मधे हे. दोन वर्षं न चुकता एन९५ लावत होते. परवा आले तर तोंडावर काही नाही. विचारलं तर म्हणाले, "अगं तो लावून सायकल चालवली की अटॅक येतो, हे वाच," आणि फोन पुढे केला.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: सायकल चालवताना मास्क लावला की आपलाच कार्बन डायऑक्साइड आपण परत आत घेतो, रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांवर येतो, रक्त आम्लयुक्त होऊन हार्ट अटॅक येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेच मनाई केली आहे. शिवाय धुराचे कण इतके बारीक की ते मास्कमधून आरपार जातात. त्यापेक्षा साधा रुमाल बांधा, गूळ खा, नाहीतर सरळ गाडीने जा.

आता हे लिहिणाऱ्याने स्वतःचंच वाक्य परत वाचलं असतं तरी बास होतं. धुराचा कण आरपार जातो म्हणे, आणि कार्बन डायऑक्साइड अडकतो? धुरातले हे बारीक कण म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक. कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच्यापेक्षा हजारो पटीने लहान. ज्या कापडातून कण जातो त्यात वायू अडकेल कसा? दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही, आणि माणसं पुढे पाठवतायत!

मास्कच्या आतल्या पोकळीत श्वास सोडल्यावर थोडी वापरलेली हवा राहते, हे खरं आहे. पण ती पोकळी पाव लिटरपेक्षाही कमी, आणि सायकल चालवताना आपण एका श्वासात दीड-दोन लिटर हवा ओढतो. म्हणजे बाकीची सगळी ताजीच असते. शरीर श्वास किंचित वाढवून तो थोडासा जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून देतं. गरम होतं, घाम येतो, कोंडल्यासारखं वाटतं, ते वाटणं मी नाकारत नाही. पण कोंडल्यासारखं वाटणं वेगळं आणि रक्तातला ऑक्सिजन ८० वर येणं वेगळं. २०२० मध्ये कॅनडात सस्कॅचवान विद्यापीठात १४ धडधाकट लोकांना व्यायामाच्या सायकलवर पार थकेपर्यंत पेडल मारायला लावलं होतं, एकदा सर्जिकल मास्क लावून, एकदा कापडी, एकदा मास्कशिवाय. रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला नाही, दमसासातही नाही. एन९५ थोडा जड जातो हेही सांगते. जर्मनीत लाइपझिगला त्याच वर्षी १२ पुरुषांवर त्याच तोडीचा मास्क लावून चाचणी झाली, तर कमाल क्षमता १३ टक्क्यांच्या आसपास कमी भरली. पण ती जीव तोडून पेडल मारतानाची क्षमता. मंडईतून मेथीच्या दोन जुड्या आणताना कोणी तेवढं पेडल मारत नाही.

मामांना हे सगळं सांगूनही पटेना, तेव्हा कोविडमधला ऑक्सिमीटर शोधून काढला आणि मास्क लावून त्यांना वीस मिनिटं फिरवून आणलं. जाताना ९७, आल्यावर ९७.

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा मेसेज नेमका हृदयाच्या पेशंटला घाबरवतो, आणि मास्कचा सगळ्यात चांगला पुरावा नेमका हृदयाच्या पेशंटवरच आहे! एडिनबरा विद्यापीठाच्या लोकांनी बीजिंगमध्ये केलेला अभ्यास, २०१२ मध्ये छापून आला. कोरोनरी हार्ट डिसीज, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले ९८ जण, म्हणजे मामांसारखेच, भर शहरात दोन तास चालवले, एकदा चांगला मास्क लावून आणि एकदा न लावता. मास्क लावला त्या दिवशी त्रास कमी जाणवला, रक्तदाब कमी राहिला आणि ईसीजीमध्ये हृदयाला रक्त कमी पडल्याची जी खूण दिसते तीही कमी झाली. हो, ते चालत होते, सायकलवर नव्हते. पण सायकलवर आपण बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट हवा ओढतो, म्हणजे धूरही तेवढा जास्त. डिझेलच्या धुराला २०१२ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू आहे त्याच गटात. आणि त्या धुरात स्टेंटवाल्या माणसाला "मास्क काढ" सांगायचं?

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. जून २०२० मध्ये त्यांनी व्यायाम करताना मास्क लावू नका, श्वासाला अडचण होऊ शकते, असं म्हटलं होतं. पण ते कोविडपुरतं होतं, मास्कऐवजी अंतर ठेवा असा सल्ला. ट्रॅफिकच्या धुराशी त्याचा संबंध नाही, आणि हार्ट अटॅकचं तर त्यात नावही नाही.

कण आरपार जातात हेही चूक. एन९५ म्हणजे पिठाची चाळण नाही. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, कण त्याला चिकटतात, आणि ०.३ मायक्रॉनसारखे पकडायला अवघड कणही किमान ९५ टक्के अडतात. मामांचा तीन आठवडे वापरलेला मास्क मी खिडकीत धरून बघितला. बाहेरून करडा झालेला, आतून पांढरा, फक्त नाकाच्या दोन्ही बाजूंना, जिथे तार नीट दाबली नव्हती, तिथे काळ्या दोन रेघा. धूर कुठून आत गेला ते समोर दिसतंय. मग साधा रुमाल किंवा आपल्याकडे मुली गुंडाळतात तो स्कार्फ काय अडवणार? उन्हाला आणि जाड धुळीला ठीक, बारीक धुराला नाही. वायू मात्र एन९५ अडवत नाही, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आत जातातच. तेवढं मान्य.

गुळाने फुप्फुसातले धुळीचे कण बाहेर पडतात का, यावर लखनौला १९९४ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला होता. उंदरांवर! खा गूळ, मास्क काढू नका.

आणि गाडीने जा म्हणे. केंब्रिज विद्यापीठाच्या २०१६ च्या हिशोबात पीएम २.५ अगदी १०० (एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम) असलेल्या हवेतही धुराचा तोटा सायकलच्या व्यायामाच्या फायद्याहून जास्त व्हायला रोज दीड तास चालवावी लागते. आपल्याकडे दिवसाच्या सरासरीची मर्यादाच ६० आहे. मामांचं जाऊन-येऊन तासाच्या आत होतं.

आता त्यांना झडप असलेला एन९५ आणून दिलाय, श्वास सोडायला सोपा जातो. कानाला अडकवायचा नाही, डोक्यामागून पट्टे असलेला, म्हणजे हेल्मेट काढताना ओढला जात नाही. पट्टे आधी, हेल्मेट वरून, मग दोन्ही हातांनी नाकावरची तार दाबायची. आणि कर्वे रोड सोडून एरंडवण्यातल्या गल्ल्यांमधून म्हात्रे पुलावरून जायला सांगितलंय. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मास्क काढून थांबायचं आणि थेट डॉक्टरांना फोन लावायचा, ग्रुपवर विचारत बसायचं नाही. काल गेले होते लावून.