रॉकेट दिसायला दगड आडवा धरावा लागतो

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. दगडात कोरलेला एक माणूस मागे रेललेला आहे, हात जणू कुठल्याशा कळीवर, पाय पेडलवर, नाकाला नळी, मागून ज्वाळा. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा: 'मेक्सिकोत १९५२ साली सापडलेल्या माया थडग्यावर १३०० वर्षांपूर्वीचा अंतराळवीर! लोखंडाची हत्यारं नसताना एवढी शिळा उचलली कशी? शास्त्रज्ञ गप्प का? आणि माया लोक एका रात्रीत गेले कुठे?' आपल्याकडच्या आवृत्तीला शेवटी मयासुराची फोडणी असते: माया म्हणजे आपल्या मयासुराचेच लोक.

आधी अंतराळवीर बघू. ही कल्पना १९६८ साली एका स्विस लेखकाने घरोघरी पोचवली. त्यासाठी चित्र नव्वद अंशांत फिरवावं लागलं, बाकी काही नाही. ही शिळा म्हणजे मेक्सिकोच्या चियापास राज्यात पालेंके इथल्या 'शिलालेखांच्या मंदिरा'खालच्या दगडी शवपेटीचं झाकण. तिच्यावरचं चित्र उभं बघायचं असतं. तसं बघितलं की रॉकेटच्या टोकाचा पक्षी होतो, झाडाच्या शेंड्यावर बसलेला. मधला सांगाडा म्हणजे क्रुसासारखं विश्ववृक्षाचं, म्हणजे पाताळ, धरती आणि आकाश जोडणाऱ्या झाडाचं खोड, आणि त्याच्या आडव्या फांद्यांवर दोन तोंडांचा साप. 'ज्वाळा' म्हणजे पाताळाचा वासलेला, हाडांचा जबडा. माणूस त्या जबड्यात आहे आणि तिथूनच झाड उगवतंय. मक्याच्या देवाप्रमाणे राजा मरतो आणि पुन्हा उगवतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. नळी हा नाकापुढचा अलंकार, माया शिल्पांत तो पुष्कळ ठिकाणी दिसतो. अंगावर जेड या हिरव्या दगडाच्या मण्यांचं जाळीदार वस्त्र आहे आणि पाय अनवाणी. अवकाशात निघालेल्या माणसाने बूट तरी घातले असते.

हे कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही. त्याच गावात, चालत काही मिनिटांवर, क्रुसाचं मंदिर आहे. थडग्यातला राजा पाकाल, त्याच्या मुलाने ते ६९२ साली वाहिलं. तिथल्या पाटीवर तसंच झाड आणि तसाच पक्षी आहे, पण आत कुणी बसलेलं नाही. दोन चित्रं शेजारी ठेवली की 'यान' उरतच नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने ते दुसरं चित्र कधी जोडल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता 'शास्त्रज्ञ गप्प'. मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण ज्या माणसाने हे थडगं शोधलं त्याचं नावही मेसेजमध्ये नसतं. आल्बेर्तो रूझ ल्युइलिए. जन्म १९०६चा, पॅरिसमधला, वडील क्युबाचे, आई फ्रेंच, पुढे मेक्सिकोचे नागरिक. १९४९ मध्ये राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेतर्फे ते पालेंकेत काम करत होते. शिलालेखांच्या मंदिराच्या जमिनीतल्या एका फरशीला भोकांच्या दोन ओळी होत्या, प्रत्येक भोकात दगडी बुच. ती भोकं आधीच्या अभ्यासकांनीही पाहिली होती. रूझ यांनी आणखी एक गोष्ट हेरली: भिंती फरशीपाशी थांबत नव्हत्या, तिच्या खाली उतरत होत्या. म्हणजे खाली खोली असणार. फरशी उचलली तर दगडमातीने मुद्दाम गच्च भरलेला जिना निघाला. चियापासच्या दमट उष्म्यात, बंद भुयारात, तो उपसायला चार हंगाम लागले. तळाशी बळी दिलेल्या माणसांच्या अस्थी होत्या आणि त्यापलीकडे त्रिकोणी शिळेचं दार. जून १९५२ मध्ये ते सरकवलं. आत कमानदार दालन, भिंतींवर गिलाव्यातल्या नऊ आकृत्या, आणि मधोमध तो प्रचंड दगड.

त्या दगडाखाली थडगं आहे की तो नुसती वेदी आहे, हेही ठाऊक नव्हतं. म्हणून रूझ यांनी तळच्या ठोकळ्याला बारीक भोक पाडून आत तार घातली. ती बाहेर आली तेव्हा तिला लाल रंगाचे कण चिकटलेले होते. माया लोक प्रेतासोबत लाल रंग वापरत, म्हणजे आत माणूस आहे. इथपर्यंत पोचायला कुठलंही गूढ ज्ञान लागलं नाही. भिंत खाली जाते हे बघायला नजर लागली, आणि चार वर्षं राडारोडा उपसणारे मजूर.

इतकी मोठी शिळा उचलली कशी, याचं उत्तर तिथेच पडलेलं आहे. झाकण जवळपास पावणेचार मीटर लांब आणि दोन मीटरांहून जास्त रुंद, काही टन वजनाचं. ते त्या अरुंद जिन्याने खाली गेलेलंच नाही, जाणंच शक्य नव्हतं. शवपेटी आधी जागेवर आली, दालन तिच्याभोवती बांधलं आणि ज्याच्या माथ्यावर मंदिर आहे तो पिरॅमिड त्यावर चढला. दगडही लांबून आणलेला नाही, तो त्याच भागातला चुनखडक. चुनखडक कोरायला चकमकीची अवजारं पुरतात. नोव्हेंबर १९५२ मध्ये रूझ यांनी हेच झाकण लाकडाच्या ओंडक्यांवर मोटारीचे जॅक लावून वर घेतलं. खाली जेडचा मुखवटा घातलेला माणूस होता, दोन्ही हातांत जेडचा एकेक तुकडा: एकात घन, दुसऱ्यात गोळा.

तो माणूस कोण, हे झाकणाच्या कडेवरच लिहिलेलं आहे. फक्त ते तेव्हा वाचता येत नव्हतं. योगायोग असा की माया लिपीत उच्चारांची चिन्हं आहेत हे दाखवणारा युरी क्नोरोझोव यांचा लेखही १९५२चाच. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कोरियाकॉफ यांनी दाखवलं की शिलालेखांत राजांचे जन्म, राज्याभिषेक, मृत्यू आहेत. डिसेंबर १९७३ मध्ये पालेंकेतल्याच एका परिषदेत लिंडा शेली, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी इथल्या राजांची यादी लावली. थडग्यातला राजा किनिच हनाब पाकाल: जन्म ६०३, बाराव्या वर्षी गादी, मृत्यू ६८३.

आणि इथे खरा वाद झाला, खुद्द रूझ यांच्याशी. हाडं तपासणाऱ्यांनी वय चाळीस-पन्नास सांगितलं होतं, झाकणावरचा लेख म्हणत होता ऐंशी. रूझ हाडांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी नव्या वाचनाला विरोध केला. त्यांच्या निधनानंतर, १९७९ नंतर, हाडांची नव्या पद्धतींनी फेरतपासणी झाली आणि वय बरंच जास्त निघालं. हे सगळं छापलेलं आहे, नावानिशी. गप्प बसणारे लोक असे भांडत नाहीत.

लपवण्याबद्दल एवढंच, की झाकणाची प्रतिकृती मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मुखवटा १९८५च्या नाताळात तिथून चोरीला गेला होता, तो १९८९ मध्ये परत मिळाला.

मयासुराचं फार लांबवत नाही. शवपेटीच्या चारही बाजूंना पाकालचे पूर्वज फळझाडांच्या रूपात उगवताना कोरलेत, नावांसकट, आणि त्यात त्याचे आई-बापही आहेत. इतकी वंशावळ दगडात असताना फक्त नावातल्या साम्यावर त्याला आपला पाहुणा ठरवायचं, तर पाकालचीच हरकत असेल.

राहिले 'गायब' झालेले लोक. पालेंकेतला शेवटचा ज्ञात कालोल्लेख ७९९चा आहे, नंतर शहर ओस पडलं, हे खरं. दक्षिणेतली बरीच शहरं त्या सुमारास मोडली, आणि त्यामागे युद्धं, दुष्काळ, राजघराण्यांची पडझड अशी कारणं अभ्यासक मांडतात. पण उत्तरेला चिचेन इत्सा त्यानंतर भरभराटीला आलं. ग्वातेमालातलं नोहपेतेन हे शेवटचं स्वतंत्र माया राज्य स्पॅनिशांनी १६९७ मध्ये घेतलं, म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा. पालेंकेच्या आसपासच्या गावांत आजही चोल आणि त्सेल्ताल या माया भाषा घरात बोलल्या जातात, आणि त्या बोलणाऱ्यांना आपण गायब झाल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.