हॉर्नची ‘सात सूत्रं’ आणि भाच्याचे सोळा बार

गेल्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. पुण्याला शिकतो, सुट्टीत सोलापुरात असतो. त्याने व्हायोलिन-चेलो आणि ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, मिळून एक रचना केली आहे, आणि पुण्यात काही वादक जमून ती वाजवून बघणार आहेत. आक्काने भाकरी आणि शेंगाचटणी वाढली होती. ताट सरकवून त्याने स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेलं पान, उघडला. हॉर्न म्हणजे फ्रेंच हॉर्न, गोल वळवलेल्या नळीचं पितळी वाद्य. पहिल्या हॉर्नच्या ओळीत सोळा बार (आवर्तनासारखे ठोक्यांचे गट) एकच सूर, तोही पार माथ्यावरचा, आणि खाली फोर्टिसिमोची, म्हणजे खूप जोरात वाजवायची, खूण.

“हे कोण वाजवणार रे?”

“मामा, नियमच आहे की तसा. सगळे पाठवायलेत.” आणि त्याने फोन पुढे केला.

‘ऑर्केस्ट्रासाठी हॉर्न लिहिण्याची सात सूत्रं’. खाली नाव नाही, गाव नाही, फक्त ‘पुढे पाठवा, संगीतकार घडवा’. मग आठवलं, हाच मेसेज आमच्या बँडवाल्यांच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता आणि मी न वाचता पुसला होता. तेव्हाच वाचला असता तर बरं झालं असतं.

माझा अधिकार किती, तेही सांगतो. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, पार्ट, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाद्याचे वेगळे कागद, काढून दिले. फ्रेंच हॉर्न चार वर्षं फुंकला, लष्करी बँडमधून निवृत्त होऊन इथे राहिलेल्या उस्तादांकडे. वरातीत हे वाद्य चालत नाही. त्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे आवाज नवरदेवाला जाण्याऐवजी जनरेटरवाल्याला जातो. म्हणून सोलापुरात हॉर्न म्हटलं की सात रस्त्यावरची रिक्षाच आठवते, आणि असले मेसेज खपतात.

सगळ्यात घातक सूत्र तिसरं. ‘ब्रास वादकांना श्वासाची अडचण नसते, ते आळीपाळीने श्वास घेतात. लांब सूर बिनधास्त लिहा.’ भाच्याचे सोळा बार इथूनच आले. त्याची लय मिनिटाला साठ ठोक्यांची, बारला चार ठोके. म्हणजे चौसष्ट सेकंद, एका दमात, पूर्ण जोरात, वरच्या टोकाला. मी कपाटातून हॉर्नचा जुना माउथपीस, ओठाला लावायचा तुकडा, काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, वाद्य राहू दे, नुसते ओठ थरथरव. घड्याळ लावलं. अकराव्या सेकंदाला आवाज फाटला, पंधराव्याला थांबला. ओठांवर लाल वर्तुळ उमटलं होतं, ते बघून आक्का मलाच ओरडली.

आळीपाळीची गोष्ट खोटी नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. दोघे जण तोच सूर वाजवत असतील तर एक श्वास घेतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण त्याला दोघे लागतात. याच्या स्कोअरमध्ये त्या ओळीवर एकटा पहिला हॉर्न, बाकीचे तिघे भलतंच वाजवतायत. तो कुणाशी पाळी लावणार, कंडक्टरशी? आणि दमापेक्षा मोठी अडचण ओठांची. माउथपीसच्या कडेखाली ते दाबलेले असतात, मधे विसावा मिळाला नाही तर पुढचा सूर लागतच नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रांत पहिल्या हॉर्नशेजारी एक जादा वादक बसवतात तो याचसाठी. जोराच्या जागा त्याने ओढायच्या आणि पहिल्याने सोलोसाठी ओठ राखायचे.

माथ्यावरचा सूर धोक्याचा का, तेही त्याला कागदावर काढून दाखवलं. एफ या पाश्चात्त्य सुरात बांधलेल्या हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे बारा फूट भरते. इतक्या लांब नळीत वरच्या सप्तकात नैसर्गिक सूर, म्हणजे नुसत्या ओठाने नळीतून निघणारे, एकमेकांना चिकटून येतात, आठवा, नववा, दहावा, अकरावा. बोटं तीच ठेवून ओठ जरा सैल पडला की शेजारच्या घरात शिरलात. ट्रम्पेटची नळी जेमतेम पाच फुटांची, तो आपले नेहमीचे सूर खालच्या, लांब-लांब असलेल्या पायऱ्यांवर काढतो. हॉर्नवाला भर मैफलीत सूर फोडतो तो नेहमीच कच्चा असतो म्हणून नव्हे. आणि कॉम्प्युटर कधीच सूर फोडत नाही, म्हणून तो ऐकून लिहिणाऱ्याला हे कळतही नाही.

आता सगळ्यात हास्यास्पद. ‘हॉर्न एफचा असतो, म्हणून रचना एफ मेजरमध्येच करावी.’ एफ मेजर म्हणजे एफ हा ‘सा’ धरलेली पट्टी. मला वाटलं विनोद आहे. एफचा याचा अर्थ एवढाच की कागदावर सी लिहिलं की कानाला खालचा एफ ऐकू येतो, लिहिलेला सूर धरून मोजला तर खालचा पाचवा. लिहिणाऱ्याने तेवढं वर चढवून लिहायचं, विषय संपला. यातही एक जुनी अर्धी खरी गोष्ट दडली आहे. बोटांनी दाबून नळीची लांबी बदलायच्या झडपा नव्हत्या तेव्हा हॉर्नला आपल्या तुतारीसारखे नळीतून निघतील तेवढेच सूर मिळायचे. स्वर बदलला की वादक नळीचा एक वळसा काढून दुसऱ्या लांबीचा बसवायचा. म्हणून जुन्या स्कोअरमध्ये हॉर्न कधी डीचा, कधी ई फ्लॅटचा दिसतो. पण तेव्हाही सगळं एफमध्ये लिहा असं कुणी म्हटलं नव्हतं! १८१८ मध्ये जर्मनीत श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी झडपांचं पेटंट घेतलं. त्यालाही दोनशे वर्षं उलटली, मेसेज मात्र अजून नळ्या बदलतोय.

‘एक हॉर्न एका ट्रम्पेटच्या बरोबरीचा’ हे पाचवं सूत्र. यावर मी माझा शब्द देत नाही, रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हचा देतो. ऑर्केस्ट्रा लिहिण्यावरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१३ मध्ये छापलं गेलं, आणि त्यात स्वच्छ हिशेब आहे: जोरात वाजवताना एका ट्रम्पेटला दोन हॉर्न. भाच्याने तीन ट्रम्पेटच्या समोर एकटा हॉर्न उभा करून त्याच्याकडे मुख्य चाल दिली होती. ती फक्त स्क्रीनवर दिसली असती.

चार हॉर्न म्हणजे उतरंड, पहिला सर्वांत वर आणि चौथा सर्वांत खाली, असंही म्हटलंय. तसं नसतं. हॉर्न जोड्यांनी वाढत गेले, त्यामुळे प्रत्येक जोडीत एक वरचा, एक खालचा. पहिला आणि तिसरा वरचे, दुसरा आणि चौथा खालचे. उतरंडीने लिहिलं की खालच्या सुरांत मुरलेल्या दुसऱ्याला वर चढावं लागतं आणि तिसरा उगाच खाली घरंगळतो. बरं, चौथा म्हणजे शेपूट असंही नाही. बीथोवनच्या नवव्या सिंफनीत, १८२४ ची ती, संथ भागातला सोलो चौथ्या हॉर्नला आहे.

हाताने हॉर्नचं तोंड बंद करणं आणि म्यूट, म्हणजे त्या तोंडात बसवायचा बूच, लावणं एकच, हेही चूक. हात घट्ट कोंबला की सूर चढतो, वादक बोटं बदलून तो परत जागेवर आणतो, आणि आवाज पत्र्यासारखा झणझणतो. त्यासाठी सुरावर अधिकचं चिन्ह काढतात. म्यूटचा आवाज नुसता दबलेला, दूरचा. ‘हॉर्न मागे गुणगुणायला ठेवा’ यावर चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग ऐकवला, तिथे मुख्य चाल एकट्या हॉर्नकडे आहे. भाचा काही बोलला नाही. सातवं सूत्र मेसेज पुढे पाठवण्याबद्दल आहे.

मेसेज त्याने आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर आधीच टाकला होता. ‘तो चुकीचा आहे’ असं तिथे लिही म्हटलं तर म्हणतो, “मामा, लाज वाटती.” लाज वाटू दे, पण लिही. मग बसून सोळा बारांचे चार तुकडे केले, पहिला आणि तिसरा आलटून पालटून, सांध्यावर दोघे एक ठोका एकत्र. सूरही दोन पायऱ्या उतरवला. दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा पार्ट मात्र अजून उतरंडीतच अडकलाय. गुरुवारी पुण्याला पाठवायच्या आधी बदलतो म्हणाला. माउथपीसही घेऊन गेलाय, परत आणून देतो का बघू.