लक्षद्वीपच्या "२०१ मतां"चा खुलासा

"मोदी लक्षद्वीपला जाऊन आले तरी भाजपला तिथं फक्त २०१ मतं" हा मेसेज अजूनही फिरतोय, म्हणून सांगतो, २०२४ च्या लोकसभेला लक्षद्वीपमध्ये भाजपचा उमेदवारच नव्हता, कमळ मशीनवर नव्हतंच. २०१ हा आकडा खरा आहे पण ती मतं राष्ट्रवादी अजित पवार गटाच्या युसूफ टी. पी. यांची, घड्याळ चिन्हावरची. भाजपने त्यांना पाठिंबा दिला होता हे खरं, त्यामुळे युतीला फटका बसला म्हणा हवं तर, पण पाठिंबा वेगळा आणि पक्षाची मतं वेगळी. भाजप स्वतः लढला होता २०१९ ला, तेव्हा १२५ मतं पडली होती.

खरी लढत काँग्रेसचे हमदुल्ला सईद आणि शरद पवार गटाचे मोहम्मद फैजल यांच्यातच होती, सईद २,६४७ मतांनी जिंकले. याच फैजलनी २०१९ ला एकत्र राष्ट्रवादीकडून घड्याळावर सईदना ८२३ मतांनी पाडलं होतं, आणि २०२४ ला तेच घड्याळ समोर असून लोकांनी ढुंकून पाहिलं नाही, मत चिन्हाला नाही माणसाला पडलं, आपल्याकडच्या दोन्ही गटांनी हे खरंच बघायला हवं. मेसेज पुढे पाठवताना एवढा बदल करा प्लीज.