टोपी बघून माणूस कळतो? काहीही!

काल टकल्या कट्ट्यावर आला तो डोक्यावर नवीकोरी फेडोरा, म्हणजे ती काठवाली साहेबी हॅट, चढवून, मग काय, दीड तास दुसरा विषयच नाही. मास्तर सुरू, "टोपी बघितली की माणूस कळतो. असली टोपी घालणाऱ्याला लोकांनी आपल्याकडे बघायला हवं असतं."

"टकलाकडे बघू नये म्हणून घातलीये रे!" टकल्या.

"आणि कॅप उलटी घालणारे? उनाड सगळे."

वकील म्हणाला, "बेसबॉलचा कॅचर, आपल्या विकेटकीपरसारखा, तो पण उनाड का? पुढची झडप मास्कला अडते म्हणून फिरवतो बिचारा."

मग मी पण घुसलो. म्हटलं त्या गोल घुमटाच्या बोलर हॅटचंच घ्या ना, १८४९ मध्ये लंडनला एडवर्ड कोक नावाच्या इंग्रजाने ती बनवून घेतली शिकारीच्या रानातल्या राखणदारांसाठी, फांद्या डोक्यात लागू नयेत म्हणून कडक नमद्याची, पुढे तीच लंडनमधल्या बँकेच्या बाबूंच्या डोक्यावर गेली आणि बोलिव्हियात तर तिथल्या आयमारा या मूळ जमातीच्या बायका रुबाबात घालतात. आता सांग, टोपीवरून काय ओळखणार, राखणदार, बाबू की बाई?

मास्तर कसला ऐकतोय. "अरे पण त्या त्या जागी तिचा अर्थ ठरलेलाच होता ना?"

हे मात्र बरोबर होतं, नाइलाजाने मान हलवली.

वकील म्हणे, ठरवतं कोण पण? इंग्लंडात १५७१ साली कायदाच होता, सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी नि सणाला लोकरीची टोपी घालायचीच, नाहीतर दंड, आणि खरी काळजी लोकरीच्या धंद्याची, सरदार-उमरावांना अर्थातच माफी. न्यूयॉर्कला तर कायदाबियदा काही नव्हता, १५ सप्टेंबरनंतर गवती हॅट घालायची नाही एवढीच रीत, तरी १९२२ ला पोरं दोन दिवस आधीच रस्त्यावर उतरली, लोकांच्या हॅटी ओढून पायाखाली तुडवल्या, दंगल बरेच दिवस चालली. एका हॅटीपायी!

"म्हणजे बाहेरून दिसतो तो समाज," मी म्हटलं, "माणूस बघायचा तर आत बघ. लिंकन त्या उंच हॅटमध्ये पत्रं नि कागद ठेवायचा, चालतंफिरतं ऑफिस, हे बाहेरून कळलं असतं का कुणाला?"

हे ऐकल्यावर मास्तरने हात लांब केला आणि टकल्याची फेडोराच उचलली. आत घामाच्या पट्टीमागे वर्तमानपत्राची घडी, एक नंबर मोठी होत होती म्हणून, आणि त्या घडीच्या आड नीट दुमडून लपवलेला किमतीचा टॅग, दोऱ्यासकट.

सगळे गप्प. मग मास्तर असा काही हसला की विचारू नका.

"अरे डाग पाडू नका रे," टकल्या ओरडतोय, "उद्या परत करायचीये ती!"