‘लाकडात कसलं विष?’ : खेळण्यांच्या आयएसआय सक्तीवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

घरगुती खेळणी बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश वरचेवर फिरतो. त्याचा आशय असा: ‘आयएसआयची सक्ती मोठ्या कारखान्यांच्या सोयीसाठी आहे. लाकूड, सूत, लाख हा नैसर्गिक माल, त्यात कसलं विष? तरी तपासणीत लाखो घाला, नाहीतर तुरुंगात जा.’ त्याच्याखाली कोणीतरी धीर देतं: ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी असं छापा. शिवाय हस्तकलेला सूट आहे, बिनधास्त विका.’ यातलं एक दुखणं खरं आहे. पण संदेश बोट ठेवतो ते भलत्याच जागी, आणि त्यावर विसंबून माल विकला तर मूलही धोक्यात येतं आणि विकणारीही.

‘मोठ्यांच्या सोयीसाठी’

केंद्राचा खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांनी खेळायची वस्तू ती खेळणं, मग ती कारखान्यातली असो की माजघरातली. बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागतं; ते पाळल्याची खूण म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) परवान्याने लागणारं आयएसआय चिन्ह. त्या काळात सरकारचा रोख मुख्यतः स्वस्त आयात मालावर होता. फेब्रुवारी २०२० मध्येच आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं. लहान कारागिराला संपवण्याचा हेतू आदेशात दिसत नाही. मात्र त्याचा विचार आदेश निघाल्यावर मागाहून झाला, हे खरं.

‘नैसर्गिक मालात विष नसतं’

सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं. तिन्ही आपल्या परंपरेतले जुने रंग आहेत आणि तिन्ही बाळाच्या तोंडात जाता कामा नयेत. हळदीने रंगवलेलं म्हणून निर्धास्त राहावं, तर सुट्या हळदीत पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (शिशाचं पिवळं संयुग) मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत. खुळखुळा वाजावा म्हणून आत गुंजा भरल्या आणि तो फुटला, तर मुलाच्या हाती ॲब्रिनसारखं जालीम विष येतं. चावलेली गुंज जिवावर बेतू शकते.

कोरं लाकूड बहुधा निर्धोक असतं, धोका वरच्या थरात असतो. आयएस ९८७३ भाग ३ मध्ये खेळण्यातून सुटणाऱ्या आठ मूलद्रव्यांवर मर्यादा आहे: शिसं किलोमागे ९० मिलिग्रॅम, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, पारा ६० वगैरे. तपासताना रंग खरवडून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर ठेवतात, म्हणजे रंग पोटात गेल्यावर काय सुटेल याचीच ती नक्कल. लहान मुलं गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतात, म्हणून हा काटेकोरपणा.

चूक होते ती रंगाच्या दुकानात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं चालत नाही, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. औद्योगिक रंग त्या नियमाबाहेर आहेत. यंत्राच्या किंवा गाडीच्या रंगाचा उरलेला डबा खेळण्याला वापरला, की पिवळा, केशरी आणि पोपटी हे तीन रंग आधी नापास होतात, कारण क्रोम पिवळा, म्हणजे तेच लेड क्रोमेट, त्यांतच असतो. डब्यावर शिशाची मर्यादा छापलेली असेल तरच घ्या आणि बॅच क्रमांक वहीत उतरवा. लाखकामालाही हेच लागू आहे. लाख निर्धोक असली तरी तिच्यात कालवलेली पूड कोणती, हा प्रश्न उरतोच.

‘तीन वर्षांवरील, असं छापलं की सुटलो’

नाही. कुशीत घेण्याची मऊ बाहुली किंवा ससा लेबलवर काहीही छापलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाचाच धरला जातो. खुळखुळ्याचंही तसंच. या वयासाठी मोजमाप आहे एका नळकांड्याचं: आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. खेळणं किंवा त्याचा सुटलेला तुकडा न दाबता, कोणत्याही बाजूने यात पूर्ण मावला तर नापास. कातकाम करणाऱ्याकडून असं नळकांडं एकदा करून घ्या, जन्मभर पुरेल.

विणलेल्या बाहुल्यांत हमखास अडचण येते ती डोळ्यांची. बाजारात ‘सेफ्टी आय’ म्हणून मिळणारा प्लॅस्टिकचा डोळा मागून चकतीने अडकवतात. घट्ट कापडात तो टिकतो. क्रोशाच्या विणीत मात्र ओढ बसली की टाके फाकतात आणि चकतीसकट डोळा बाहेर येतो. तपासणीत सुमारे ७० न्यूटनची ओढ देतात, म्हणजे डोळ्याला सात किलो वजन टांगल्यासारखं. त्यामुळे डोळे दोऱ्यानेच भरा आणि दोऱ्याची टोकं आत खोलवर घ्या. मण्याचं नाक, घुंगरू, बटण या गोष्टी बाळाच्या बाहुलीवर नकोतच.

लाकडी खुळखुळा सहसा फुटतो तो चिकटवलेल्या सांध्यावर, कारण लाळ आणि पावसाळी दमट हवा यांनी गोंद सुटतो. १८ महिन्यांखालच्या खेळण्याला १३८ सेंटिमीटरवरून दहा वेळा पडून शाबूत राहावं लागतं. आधी काही वेळ पाण्यात बुडवा, वाळवा, मग तेवढ्याच उंचीवरून फरशीवर टाकून पाहा. प्रयोगशाळेत नापास होण्यापेक्षा घरात फुटलेलं स्वस्त पडतं. दांड्याचं टोकही मोजा: ३५ बाय ५० मिलिमीटरच्या लंबगोल भोकाच्या ३० मिलिमीटर जाड पट्टीतून ते आरपार बाहेर डोकावलं, तर घशात रुतू शकतं.

‘हस्तकलेला सूट आहे’

आहे, पण सरसकट नाही. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने दोघांना वगळलं. एक, विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेला माल. दुसरा, भौगोलिक मानांकन मिळालेलं उत्पादन, तेही नोंदणीकृत मालकाने किंवा अधिकृत वापरकर्त्याने बनवून विकलेलं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांना ते मानांकन आहे, पण तशाच धाटणीचं खेळणं दुसरीकडे कातून ही सूट मिळत नाही. ‘बनवून आणि विकून’ हे शब्द नीट वाचा. दहा कारागिरांकडून माल उचलून स्वतःच्या ब्रँडखाली ऑनलाइन विकणाऱ्याने ही सूट आपल्याला आहे असं गृहीत धरू नये. स्वतः हाताने बनवणाऱ्यांनी कारागीर ओळखपत्रासाठी आजच अर्ज करावा. आणि सूट मिळते ती परवान्यातून. शिसं सूट पाहून थांबत नाही.

‘तुरुंग’

२०१६ साली बीआयएस कायदा झाला तेव्हा कलम २९ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख दंड, असं लिहिलं गेलं. तेव्हा ही भीती निराधार नाही. पण दुपटी, झबली, लाळेरी हे खेळणं नव्हे. त्यांच्यासाठी या आदेशाला घाबरू नका.

‘तपासणीत लाखो जातात’

खरं दुखणं इथे आहे. अर्जाचे १,००० रुपये, वार्षिक परवान्याचे १,००० आणि अधिकाऱ्याच्या भेटीचे दिवसाला ७,००० हे दर फारसे भारी नाहीत. सूक्ष्म उद्योगाला किमान मार्किंग शुल्कात (आयएसआय चिन्ह वापरण्याच्या फीत) ८० टक्के सवलत आहे. (दर बदलतात, अर्जाच्या दिवशी बीआयएसच्या पोर्टलवर पाहा.) कंबर मोडते ती नमुन्यांच्या संख्येने. कारखाना एका साच्यातून पन्नास हजार नग काढतो आणि तपासणीचा खर्च त्यांत जिरवतो. घरी काम करणारी चाळीस प्रकारच्या बाहुल्या वीस-वीस बनवते. रंगागणिक रासायनिक चाचणी, प्रकारागणिक ओढ-आपटीच्या चाचण्या, आणि त्यावर घरची प्रयोगशाळा उभारण्याची अट. सूक्ष्म उद्योगांना ती अट काही काळापुरती शिथिल झाली, पण मुदतीच्या सवलतीवर धंदा उभा राहत नाही.

आपल्या हातात आहे तेवढं आधी करावं: रंग पाचावर आणा, सगळे एकाच कंपनीचे घ्या, भरणीचा कापूस आणि दोरा बदलू नका.

आणि सरकारकडे मागायचं ते नेमकं मागावं. अमेरिकेत ग्राहक वस्तूंच्या सुरक्षेचा २००८ चा कायदा आल्यावर हाच आक्रोश झाला. २००९ मध्ये तिथे कोरं लाकूड, सूत, लोकर यांना शिशाच्या चाचणीतून वगळलं गेलं. २०११ च्या दुरुस्तीने वर्षाला एका प्रकारचे ७,५०० पर्यंत नग बनवणाऱ्या छोट्या उत्पादकाला बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्या माफ झाल्या. पण रंगातलं शिसं आणि सुटणारे लहान तुकडे, या दोन चाचण्या त्यालाही माफ नाहीत. आपल्याकडेही मागणी हीच असावी: नगांच्या संख्येवर ठरणारी कायमची सवलत, कोऱ्या लाकूड-सुताला रासायनिक चाचणीतून सूट, आणि कारागीर समूहांसाठी सामायिक प्रयोगशाळा.