शाडूची सोंड गळून पडली तेव्हा

शाळांनी सणांचे उपक्रम कमी करून तो वेळ अभ्यासाला द्यावा, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. माझी लेक कळव्यात दुसरीत आहे. छोटीशी मराठी शाळा, वर्गात जेमतेम 18 मुलं. गणपतीआधी बाईंनी प्रत्येकाला शाडूचा गोळा दिला. लेकीनं पाणी जास्त घातलं आणि सोंडच गळून पडली. बाईंनी हात लावला नाही, "आता काय करशील?" एवढंच विचारलं. तिनं गोळा थोडा वेळ उघडा ठेवला, मग आत काडी खुपसून सोंड बसवली. सुकताना पोटाला चीर गेली, तेव्हा पाणी उडून गेलं की माती आकसते हे तिनंच मला समजावलं! विसर्जन घरी बादलीत केलं. दुसऱ्या दिवशी तळाशी नुसता गाळ, तो तुळशीच्या कुंडीत घातला. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अशी विरघळत नाही, हे तिला आता पुस्तकातून पाठ करावं लागणार नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कृतीतून शिकण्यावर भर आहेच.

पालकांना एकच विनंती, मुलांनी केलेली वाकडी मूर्ती घरी आणून 'नीट' करत बसू नका. आणि दिवाळीच्या किल्ल्याला तयार प्लास्टिकचे बुरूज आणू नका, दगड-माती आणि मूठभर अळीव पुरतात.