मुलांना बाहेर सोडा म्हणता, पण कुठल्या रस्त्यावर?

गेले काही दिवस गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. ‘आमच्या लहानपणी कुठे होती उद्याने?’ अशी त्याची सुरुवात. पुढचे थोडक्यात असे: आजची मुले खेळत नाहीत याला फक्त मोबाइल आणि लाडावणारे आईबाप जबाबदार आहेत. रस्ता, मैदान, वस्तीची रचना ही सगळी निमित्ते. ही रड मुंबई-पुण्याची, गोवा मोकळा आणि हिरवागार आहे, इथे स्टेडियमसुद्धा आहेत. मुलींना मुळातच धावायची आवड नसते. शाळेतला पीटीचा तास पुरेसा आहे. आणि शेवटी उपाय: ‘मोबाइल काढून घ्या, दोन चापट्या द्या, संध्याकाळी दार लावून मुलाला रस्त्यावर सोडा. आपोआप खेळेल.’

एरवी मी अशा मजकुरांच्या वाटेला जात नाही. पण हा माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या जावेने पाठवला, आणि खाली लिहिले, ‘तुझ्या मुलासाठी.’ बहीण पर्वरीला राहते, नोकरी करते. मुलगा आठ वर्षांचा, वजन थोडे वाढले आहे. रात्री तिचा फोन आला, ‘दादा, खरंच माझंच चुकतंय का रे?’ तिचे चुकत नाही. चूक त्या मजकुरात आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा जीवघेणा आहे.

मुलाला रस्त्यावर सोडा म्हणणाऱ्याने तो रस्ता एकदा संध्याकाळी सहा वाजता उभे राहून बघावा. बहिणीच्या दारासमोरचा रस्ता हॉटमिक्स केलेला, गुळगुळीत. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे थेट डांबरापर्यंत आलेली. पदपथ नाही. एका कडेला उघडे गटार, दुसऱ्या कडेला पार्क केलेल्या गाड्या. पर्वरीच्या मधून महामार्ग जातो, आणि तो तुंबला की सगळी वाहतूक वस्तीतल्या आतल्या रस्त्यांत शिरते. त्यात काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या. चालवणाऱ्याला गाव माहीत नाही, वळण माहीत नाही, नजर मोबाइलच्या नकाशावर. मधूनच पाण्याचा टँकर, बांधकामाचा ट्रक. या रस्त्यावर आठ वर्षांचे मूल सोडायचे, आणि तेही दार लावून घेऊन?

या वयाच्या मुलाला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग मोठ्या माणसासारखा जोखता येत नाही. उभ्या गाडीमागून ते चेंडूमागे धावले तर चालकाला ते दिसतही नाही, तेवढी त्याची उंचीच नसते. गाडीचा वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक मंत्रिपरिषदेने सांगितले की पायी चालणारी माणसे आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर ठेवा. आमच्या वस्त्यांतल्या किती रस्त्यांवर ती पाळली जाते? गोव्यात आज जवळपास माणशी एक वाहन आहे. अशा ठिकाणी आई मुलाला दारात अडवते तेव्हा ती त्याला लाडावत नसते, ती त्याचा जीव वाचवत असते. आणि अपघात झाला तर हाच मजकूर पाठवणारे नातेवाईक तिलाच विचारतील, ‘तू कुठे होतीस?’ चापट्यांबद्दल एवढेच म्हणतो की मार खाऊन कुठलेही मूल खेळायला शिकलेले नाही.

आता ते ‘आमच्या लहानपणी’. त्यात अर्धे खरे आहे, ते मान्य करतो. उद्याने नव्हती आणि आम्ही खेळत होतो. पण कुठे खेळत होतो ते मजकूर लिहिणारा विसरला. पावसाळी भात कापले की शेते मोकळी व्हायची, आणि पुढच्या पावसापर्यंत तिथे क्रिकेट आणि फुटबॉल चालायचा. देवळासमोरचे अंगण होते, गावाचा मळ म्हणजे मोकळे मैदान होते. वाड्यावरून एखादी गाडी गेली तर कोणाकडे पाहुणे आले ते आम्ही बघायला जायचो. घरांच्या सोप्यावर संध्याकाळी माणसे बसलेली असायची. कोणाचे ढोपर फुटले तर आधी शेजारची आजी धावायची, आई नंतर. तीही वस्तीची रचनाच होती. ती आपल्याला फुकट मिळाली होती म्हणून तिची किंमत कळली नाही.

आज त्याच शेतांत भराव पडला आहे. शेती आणि बागायतीच्या जमिनींचा झोन बदलण्याच्या नगरनियोजन कायद्यातील कलम १७(२) आणि ३९अ यांवरून लोक न्यायालयापर्यंत गेले. त्यात शेती आणि पर्यावरण यांची चर्चा झाली ती योग्यच. पण त्या शेतांत दरवर्षी सहा-सात महिने मुले खेळत होती, हा तोटा कोणी मोजला नाही.

शाळेचेही तेच. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. वाड्यावाड्यांवरच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा तेवढ्याच अंतरावर होत्या, आम्ही चालत जायचो, येताना बोरे आणि चिंचा गोळा करत यायचो. पट घटला म्हणून त्यांतल्या अनेक बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळांना जोडल्या गेल्या. आता मूल दारात बालरथात, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसमध्ये, चढते आणि शाळेच्या फाटकात उतरते. बालरथावर माझा राग नाही, लांबच्या गावांतल्या मुलांची, विशेषतः मुलींची, त्याने मोठी सोय झाली. पण रोजचे चालणे गेले ते कोणाच्या आळसामुळे गेले नाही.

मोबाइलचा मुद्दा. मोबाइल निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. माझा भाचा हातात मोबाइल असला की जेवण विसरतो. पण मोबाइल हेच एकमेव कारण असते तर इंग्लंडमध्ये जे घडले ते घडलेच नसते. मेयर हिलमन या ब्रिटिश संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शाळांचा अभ्यास केला. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुले मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. १९९०! तेव्हा कुठल्या मुलाच्या हातात मोबाइल होता? आईबापांना कारण विचारले तर सगळ्यात पुढे होती ती वाहतुकीची भीती. याच काळात तिथे रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली आणि सरकारने रस्ते सुरक्षित झाल्याचे सांगितले. हिलमन यांनी दाखवून दिले की रस्ते सुरक्षित झाले नव्हते, मुलेच रस्त्यांवरून नाहीशी झाली होती. आपल्याकडे मोबाइल आला तो घरात कोंडलेल्या मुलांच्या हातात आला. तो काढून घ्या, जरूर घ्या. पण पुढच्या दोन तासांत त्या मुलाने काय करायचे, तेही सांगा.

‘वस्तीच्या रचनेचा काही संबंध नाही’ हे वाक्य मजकुरात फार ठामपणे लिहिले आहे, आधार मात्र एकही दिलेला नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिबंधक वैद्यकशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात डिंग आणि सहकाऱ्यांनी याच विषयावरच्या १०३ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला. लहान मुलांच्या हालचालीशी ज्या गोष्टींचा संबंध सातत्याने दिसला त्या अशा: परिसर चालण्याजोगा आहे का, गाड्यांचा वेग आणि संख्या किती, खेळण्याची जागा किती जवळ आहे, घरे-दुकाने-शाळा एकमेकांजवळ आहेत का, आणि वस्ती किती दाट आहे. यात बहुतेक अभ्यास एका वेळची स्थिती पाहणारे आहेत, त्यामुळे अमुकामुळेच तमुक झाले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे मान्य. पण संबंधच नाही असे म्हणणाऱ्याला हे १०३ निबंध बाजूला सारावे लागतील.

गोवा हिरवागार आहे, पण २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी भागात राहत होती आणि देशातल्या राज्यांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते. हिरवळ डोंगरावर आणि मूल तिसऱ्या मजल्यावर असेल तर त्याला तिचा काय उपयोग? स्टेडियमचेही तसेच. २०२३ मध्ये ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली, त्याचा मला अभिमान आहे. पण पर्वरीचे मूल खेळायला रोज संध्याकाळी दूर मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाणार नाही. त्याला घरापासून पाच मिनिटांवर, महामार्ग न ओलांडता पोचता येईल अशी जागा हवी. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची मैदाने आहेत, पण ती तासाच्या भाड्याने मिळतात आणि ती घेणे प्रत्येक घराला परवडत नाही.

मुलींबद्दलचे वाक्य वाचून संताप आला. व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली उद्यानांतून कमी होत गेल्याचे दिसले. एकच मोठे मैदान आणि ते मुलांच्या ताब्यात, असे तिथे होते. शहराने काही उद्यानांची रचना बदलली, चालण्याच्या वाटा आणि वेगवेगळ्या खेळांच्या लहान जागा केल्या, आणि मुली परत आल्या. आवड तीच होती. आपल्याकडे मैदानावर दिवा नाही, स्वच्छतागृह नाही आणि कठड्यावर टवाळ बसलेले असतात. तिथे मुलगी गेली नाही तर तिला आवड नाही म्हणायचे?

पीटीचा तास: जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल हवी असे सांगते. आठवड्यातले एक-दोन तास, तेही परीक्षा जवळ आली की गणिताला दिले जाणारे, त्यात हे बसत नाही.

पाऊस आणि भटकी कुत्री यांबद्दल मात्र मजकुरात एक शब्द नाही. आईबापांची ती खरी अडचण आहे, आणि तिला माझ्याकडेही सोपे उत्तर नाही.

ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवला त्यांनी पुढच्या ग्रामसभेला यावे आणि तिथे विचारावे: आपल्या कॉलनीच्या मंजूर आराखड्यात मोकळी जागा म्हणून दाखवलेला तुकडा आज कुठे आहे, त्याला कुलूप कोणी लावले आणि चावी कोणाकडे आहे? शाळेसमोर आणि वस्तीच्या तोंडाशी स्पीड ब्रेकर व रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे आडवे पट्टे, कधी बसणार? गटारांवर लाद्या टाकून चालण्यापुरती तरी कड मिळेल का? संध्याकाळी पाच ते सात आतला एक रस्ता बाहेरच्या गाड्यांना बंद ठेवता येईल का? मी माझ्या बहिणीसोबत हेच प्रश्न लिहून नेणार आहे. तिच्या जावेलाही बोलावले आहे.